‘पूर्वापार’ला तारीख नसते

परदेशात राहून परसात भाजी लावणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. टोमॅटोची रोपं कमरेएवढी होतात, फळ धरायला लागतं आणि एका आठवड्यात पानांवर काळे ठिपके दिसू लागतात. एडिसन असो, लेस्टर असो की मेलबर्न, ओळखीतल्या चार मराठी माणसांना विचारलं की चार उपाय मिळतात. निंबोळी तेल फवारा. लसूण-मिरची वाटून त्याचं पाणी मारा. दशपर्णी अर्क करा. हळद टाका. चौघांचंही शेवटचं वाक्य मात्र एकच असतं : ‘आपल्याकडे पूर्वापार हेच करत आलेत.’

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या ‘पूर्वापार’ शब्दाबद्दल. तो खोटा नाही. पण रोपाला वाचवायची वेळ आली, किंवा ते ज्ञान आपलं आहे हे परक्या दारात सिद्ध करायची वेळ आली, की तो शब्द एकटा उभा राहू शकत नाही. त्याला जोडीला काय लागतं, हे वनस्पतींच्या अर्कांच्या इतिहासातून फार स्पष्ट दिसतं. गंमत म्हणजे या इतिहासातले बरेच धागे पुण्याच्या आसपास येऊन मिळतात.

जुन्यापासून सुरुवात करू. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाडं आजारी पडतात, पानं फिकट होतात, फांद्या वाळतात, रस गळतो, अशी लक्षणं तो सांगतो. उपायही सांगतो : आधी शस्त्राने रोगट भाग साफ करायचा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यायचा आणि दूध घातलेलं पाणी शिंपायचं. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाने तर ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. सव्वातीनशे श्लोकांच्या या ग्रंथात झाडांचे आजार वात, पित्त आणि कफ असे माणसांसारखेच विभागले आहेत. उपचारात पांढरी मोहरी, वेखंड, वावडिंग अशी आपल्या ओळखीची द्रव्यं आहेत.

हा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा पोचला, तेही ऐकण्यासारखं आहे. त्याचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं. वनस्पतिरोगशास्त्रज्ञ डॉ. य. ल. नेने यांनी १९९४ मध्ये त्याची प्रत मिळवली. भाताचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवून देणारे हेच ते नेने. हैदराबादच्या संस्कृतच्या प्राध्यापिका नलिनी साधले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९९६ मध्ये तो छापून आला. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार म्हणतो, त्यातला एक मोठा ठेवा कित्येक वर्षं इंग्लंडमधल्या कपाटात होता आणि आपल्या बहुतेकांच्या पणजोबांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

या ग्रंथांबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांच्या लेखकांना जिवाणू माहीत नव्हते. कुणालाच नव्हते. पानावरचा डाग किडीचा, बुरशीचा की जिवाणूचा, हा प्रश्नच त्या काळी विचारता येत नव्हता. आणि आज तुमच्या टोमॅटोवर काय फवारायचं, हे नेमकं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

झाडांनाही जिवाणूंमुळे रोग होतात, हे पहिल्यांदा दाखवलं अमेरिकेत इलिनॉयमधल्या थॉमस बरिल यांनी, १८७८ नंतरच्या चार-पाच वर्षांत, नासपतीच्या करप्यावर काम करताना. पण युरोपला ते पटेना. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर यांनी १८९७ मध्ये लिहिलं की जिवाणू झाडाला आजारी पाडत नाहीत, ते मेलेल्या भागावर नंतर येतात. त्यांना उत्तर दिलं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अर्विन स्मिथ यांनी. टोमॅटो, वांगी आणि बटाटे उभ्या उभ्या सुकवणाऱ्या ‘मर’ रोगाचा जिवाणू त्यांनी १८९६ मध्ये वर्णन केला. कोबीच्या ‘घाण्या’ रोगावरही त्यांनी काम केलं. या दोघांचा वाद काही वर्षं छापील पानांवर चालला आणि स्मिथ जिंकले, कारण त्यांच्याकडे प्रयोगांच्या नोंदी होत्या : कोणत्या दिवशी कोणत्या रोपात जिवाणू टोचला, कोणतं रोप न टोचता ठेवलं आणि त्या दोघांचं पुढे काय झालं.

मर रोग ओळखायची एक सोपी खूण तुम्हीही घरी करून पाहू शकता. सुकलेल्या टोमॅटोचं खोड जमिनीलगत कापा आणि त्याचं टोक स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरून ठेवा. काही मिनिटांत दुधासारखी पांढरी धार खाली उतरताना दिसली तर ते जिवाणू आहेत. खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्यांनी भरून टाकलेल्या असतात. ती धार एकदा पाहिली की बाहेरून पानांवर फवारलेला कोणताही अर्क तिथवर का पोचत नाही, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता पुण्याकडे येऊ. १९४० आणि १९५० च्या दशकांत पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकांवरच्या जिवाणूंचा असा कसून शोध घेतला की त्या काळात वनस्पतींच्या जिवाणूशास्त्रात ‘पूना, इंडिया’ हे नाव जगभर वाचलं जाऊ लागलं. विड्याच्या पानावर डाग पाडणाऱ्या जिवाणूचं वर्णन १९५१ मध्ये पटेल, कुलकर्णी आणि धांडे या तिघांच्या नावावर आहे. कोथिंबिरीवरच्या जिवाणूचं वर्णन १९६१ मध्ये श्रीनिवासन, पटेल आणि तिरुमलाचार यांच्या नावावर आहे. आपल्या ताटातल्या आणि पानदानातल्या वस्तूंना कोण पोखरतं, याची पहिली नीट यादी अशी पुण्यात तयार झाली.

यादीतले शेवटचे तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. देशाची ही पहिली सरकारी औषध कंपनी १९५४ मध्ये उभी राहिली, आणि पुढे तिथूनच ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ नावाची छोटी पुडी शेतकऱ्यांच्या हातात गेली. नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. सहा ग्रॅमची ही पुडी महाराष्ट्रातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळत असे. टोमॅटो, मिरची, कोबी, लिंबू, डाळिंबावरचा तेल्या, जिवाणूचा संशय आला की फवारणीच्या टाकीत ती पडायचीच.

न्यू जर्सीतल्या वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. यातलं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ मध्ये, रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना. एडिसनपासून ते ठिकाण काही मैलांवरच आहे. क्षयावर गुणकारी ठरलेलं ते पहिलं प्रतिजैविक. तेच औषध आपण भाजीवर फवारू लागलो.

त्याचे परिणाम फार लवकर दिसले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच फ्लोरिडात टोमॅटो-मिरचीवरचे जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात नासपतीच्या करप्याचंही तेच झालं. शेतात औषधाला सरावलेले जिवाणू माती-पाण्यातल्या इतर जिवाणूंना ती ताकद देऊ शकतात, ही भीती पुढे वैद्यकीय जगानेही बोलून दाखवली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये भारत सरकारने शेतीत या जोडऔषधाच्या वापरावर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. पुडी गेली तर शेतकऱ्याने काय फवारायचं? मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आहे, पण तांबं जमिनीत साठत जातं. म्हणून सगळ्यांचे डोळे पुन्हा कडुनिंब, लसूण आणि ओव्याकडे वळले. ‘पूर्वापार’ शब्दाची किंमत अचानक वाढली ती अशी.

मग हे अर्क खरोखर काम करतात का? करतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

कडुनिंबाचा खरा दरारा किडींवर आहे. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाडीने सगळं हिरवं खाल्लं आणि कडुनिंब तेवढा सोडला, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांनी पाहिलं. १९६८ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात त्यातलं अझाडिराक्टिन वेगळं काढलं गेलं. पाच टक्के निंबोळी अर्क मावा, तुडतुडे आणि अळ्यांवर उपयोगी आहे. काचेच्या बशीत तो जिवाणूंनाही थोडाफार अडवतो. पण बशीतल्या जिवाणूला लपायला जागा नसते, पानाच्या आत शिरलेल्याला असते.

लसणाची गोष्ट वेगळी. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की पेशींमध्ये वेगवेगळे ठेवलेले दोन पदार्थ एकत्र येतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होतं. ते १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हलिटो आणि बेली यांनी ओळखलं. ॲलिसिन जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं. रोपांवर रोग पाडणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशींनाही ताज्या लसणाचा रस अडवतो, हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. पण ॲलिसिन टिकत नाही. आठवडाभर बाटलीत ठेवलेलं लसणाचं पाणी आणि आत्ता ठेचून गाळलेलं पाणी, ही दोन वेगळी औषधं आहेत. ‘लसूण फवारा’ एवढंच सांगणाऱ्याने अर्धीच कृती सांगितलेली असते.

आणि ओवा. ओव्याचा तो झणझणीत वास थायमॉलचा. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातलं बरंचसं थायमॉल जर्मनीत निघत असे, आणि त्यासाठी लागणारा ओवा जायचा हिंदुस्थानातून. दाणे आपले, कारखाना त्यांचा. आपल्या खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलाचंही तसंच. मुंबईहून ते तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जायचं. जवळजवळ शंभर वर्षांनंतर, २००३ ते २००५ च्या सुमारास, फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी टोमॅटोच्या मर रोगावर नेमके हेच दोन पदार्थ तपासले, थायमॉल आणि रोशाचं तेल. त्यांनी ते पानांवर फवारलं नाही. जिवाणू राहतो मातीत, म्हणून त्यांनी मातीत घातलं. शेतातल्या चाचणीत थायमॉल घातल्यावर वाफे काही दिवस प्लास्टिकने झाकून ठेवले आणि मग रोपं लावली. शेजारी काहीच न घातलेले वाफे होते. थायमॉलच्या वाफ्यांत मर रोग बराच कमी झाला.

तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या ओव्याचंच यश. आहेच. पण यात ओव्याबरोबर आणखी पाच गोष्टी होत्या : रोगाचं नाव, मात्रा, जागा, वेळ आणि तुलनेसाठी मोकळा सोडलेला वाफा. यातली एकही ‘पूर्वापार’मध्ये येत नाही.

याची सगळ्यात कडक परीक्षा झाली म्युनिकला. अमेरिकेतली डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकी कृषी खातं यांना सप्टेंबर १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं. जिवाणू नव्हे, बुरशी, पण प्रश्न तोच : वनस्पतीचा अर्क वापरून पिकाचा रोग हटवणं हा नवा शोध कुणाचा? १९९५ मध्ये वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन पक्षाच्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाच्या लिंडा बुलार्ड यांनी त्याला आव्हान दिलं.

भारतात तेव्हा या खटल्याबद्दल जे बोललं गेलं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आजीच्या दातवणापासून धान्याच्या कोठीतल्या पाल्यापर्यंत सगळे दाखले निघाले. भावना खरी होती. पण पेटंटच्या कायद्याला भावना मोजता येत नाही. तो विचारतो : नेमकी हीच पद्धत, अर्जाच्या तारखेआधी, कुठे, कुणी, केव्हा उघडपणे वापरली? मे २००० मध्ये सुनावणी झाली तेव्हा निंबोळीच्या अर्काच्या उद्योगातले अभय फडके साक्षीला उभे राहिले. पुढे आलेला पुरावा होता महाराष्ट्रातल्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ मध्ये शेतांवर केलेल्या वापराचा. जागा होती, साल होतं, पीक होतं, अर्क काढायची रीत होती. पेटंट रद्द झालं. कंपनीच्या बाजूने अपील झालं, तेही ८ मार्च २००५ ला फेटाळलं गेलं.

हळदीच्या बाबतीत १९९७ मध्ये हेच घडलं होतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट ज्या दोघांना मिळालं होतं ते भारतीय वंशाचेच संशोधक होते. ‘पूर्वापार’ त्यांनाही घरून माहीत असणारच. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या काळातल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील लेख असे बत्तीस लेखी दाखले पुढे ठेवले आणि ते पेटंट रद्द करून घेतलं. तिथेही सुटका केली ती कागदाने.

म्हणून म्हणतो, सांगली-पुण्याच्या त्या दोन वर्षांच्या नोंदींचं मोल फार मोठं आहे. हजारो वर्षांची परंपरा म्युनिकच्या दारात थबकली होती. तिला आत नेलं चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या शेतातल्या तारखांनी. कोण्या शेतकऱ्याने आपल्या पिकावर अर्क मारला, आणि कुणीतरी ते साल, ती जागा आणि ती रीत लक्षात ठेवून सांगता येईल अशी जपली. त्या वर्षी ते सगळं हवेत विरून गेलं असतं, तर आपल्याकडे सांगायला फक्त ‘पूर्वापार’ उरलं असतं.

आता शेवटी तुमच्या टोमॅटोकडे येऊ. डाग दिसले की आधी तो कुणाचा आहे ते पाहा. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये परसातल्या टोमॅटोवरचे बहुतेक डाग बुरशीचे असतात. जिवाणूचा असेल तर आत शिरलेल्या रोगाला कोणताही अर्क बाहेर काढणार नाही. रोगट पानं आणि रोपं काढून टाका, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घाला, पुढच्या वर्षी त्याच जागी टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काही लावू नका. कोबीचं घरचं बी असेल तर पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात पंचवीस मिनिटं ठेवून मग पेरा. घाण्याचा जिवाणू बियांतूनही येतो, आणि हा उपाय कुठल्याही फवारणीपेक्षा भरवशाचा आहे.

अर्क वापरायचाच असेल तर रोग येण्याआधी वापरा, ताजा वापरा. आणि एक ओळ लिहून ठेवा : कोणत्या तारखेला, किती लसूण किती पाण्यात, कोणत्या रोपांवर, त्या आठवड्यात पाऊस किती. दोन रोपं काहीच न मारता तशीच सोडा, जीव कितीही तुटला तरी. दोन-तीन हंगामांनी तुमच्या वहीत जे असेल, ते तुम्ही पुढच्या माणसाला सांगू शकाल, आणि त्याला ते करून पाहता येईल. भारतातला एखादा काका किंवा मामा अजून शेती करत असेल, तर त्यालाही फोनवर एवढं विचारा : ‘अर्क कोणत्या रोगावर मारला, कधी मारला आणि न मारलेल्या ओळीचं काय झालं?’ तो जे सांगेल ते तारखेसकट लिहून घ्या.